शंभर शब्द आणि शेवटचा धक्का

शतशब्दकथांच्या एका स्नेहस्पर्धेत आम्ही काही प्राध्यापकांनी हौसेने भाग घेतला. दाद मिळाली, मते मोजली गेली. परीक्षण मात्र कोणीच केले नाही. 'मैत्रीच्या खेळात चिकित्सा कशाला?' हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही.

बहुतेक कथांची जातकुळी एकच. नव्वद शब्द वाचकाला हुलकावणी द्यायची, उरलेल्या दहांत बिंग फोडायचे. वाट पाहणारी प्रेयसी मांजर निघते, बोलणारा नायक मृत निघतो (मृत नायक तर किती!). उत्तर कळले की कोड्यात पुन्हा वाचण्याजोगे काय उरते? मंटोच्या 'स्याह हाशिये' (१९४८) मधील काही कथा दोन-तीन ओळींतच संपतात. फाळणीतील क्रौर्य तेथे कोरड्या, जवळजवळ बातमीवजा स्वरात येते आणि शेवट ठाऊक असूनही दर वाचनात अंगावर येते. शब्दमर्यादेची सबब सांगणाऱ्यांनी ते पुस्तक उघडावे.

आमचे कित्येक विद्यार्थी पहिली कथा अशाच स्पर्धेसाठी लिहितात. त्यांना 'मस्त', 'भन्नाट' एवढेच ऐकवणे, याला आम्ही टाळाटाळ म्हणतो. पुढच्या खेपेस प्रत्येक कथेत, आमच्याही, नेमके काय फसले ते आधी लिहावे. मते नंतर मोजावीत.