शुक्रवारी भरणारा रविवार

रत्नागिरी-रायगडच्या मुस्लिम मोहल्ल्यात सौदीला कोणीच गेले नाही असे घर शोधावे लागते. आपल्या वडिलांनी, चाचांनी, मामूंनी तिथे घाम गाळला, त्या कमाईवर घरे बांधली, बहिणींची लग्ने केली. त्याच विमानांतून वसईचे आणि गोव्याचे ख्रिस्तीही गेले. आपल्या लोकांना तिथे पावलोपावली मशीद मिळाली. त्यांना सबंध देशात एक चर्च मिळाले नाही. या फरकाबद्दल आपण फारसे बोलत नाही.

सौदी अरेबियात बिगरमुस्लिमांना सार्वजनिक उपासना करता येत नाही. घरात खासगी प्रार्थना केली तर हरकत नाही, असे अधिकारी सांगत आले आहेत. पण कायद्यात तशी लेखी हमी नाही. म्हणून किती माणसे जमली की ‘खासगी’ संपते, हे दार ठोठावणारा ठरवतो. एप्रिल २००६ मध्ये रियाधमधल्या एका घरात मिस्सा झाल्यावर फादर जॉर्ज जोशुआ या भारतीय धर्मगुरूंना धार्मिक पोलिसांनी पकडले आणि काही दिवसांत देशाबाहेर पाठवले. २०१६ मध्ये या पोलिसांचा अटकेचा अधिकार काढून घेतला गेला. धाक कमी झाला, पण हमी आली नाही.

मी तिथे एका प्रकल्पावर असताना वसईचा एक सहकारी मला अशा प्रार्थनेला घेऊन गेला. रविवार कामाचा दिवस, म्हणून त्यांचा रविवार शुक्रवारी भरतो. आपण जुम्याची नमाज पढून परततो, तेव्हा ते जमतात. चपला दाराच्या आत ठेवलेल्या, बाहेरून कोणी मोजू नयेत म्हणून. पडदे ओढलेले, टीव्ही चालू, गाणी दबक्या आवाजात. पंधरा माणसे आणि त्यांत मी एकटा मुसलमान. बाहेर जाऊन मी एक शब्द बोललो असतो तर माझे काही बिघडले नसते. त्यांची नोकरी आणि इकामा मात्र गेला असता. तरी त्यांनी मला बसायला जागा दिली. विनंती एकच केली, फोटो काढू नका.

यावर आपल्यातले काही जण म्हणतात, अरबस्तानात दोन धर्म नसावेत असे हदीसमध्ये आले आहे. हरमैनचा प्रश्न वेगळा आहे. मक्का-मदिनेत चर्च बांधा असे इथे कोणी म्हणत नाही. पण रियाध, जेद्दा, दम्मामचे काय? कुवेत, बहरीन, कतार, अमिरात आणि ओमानही त्याच द्वीपकल्पात आहेत आणि तिथे चर्च आहेत. दोहाचे कॅथलिक चर्च २००८ मध्ये अमिरांनीच दिलेल्या जमिनीवर उभे राहिले. म्हणजे ही मनाई एका राज्याची आहे. ती दीनच्या खात्यावर टाकायचे कारण नाही.

सीरतही वेगळेच सांगते. नजरानच्या ख्रिस्ती लोकांचे शिष्टमंडळ मदिनेत आले, त्यांच्या प्रार्थनेची वेळ झाली, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना आपल्या मशिदीतच प्रार्थना करू दिली, अशी हकीकत इब्न इसहाक यांच्या सीरतमध्ये आहे. ते नजरान आज सौदीतच आहे. आणि मक्केतले पहिले मुसलमान कुठे जमत होते? हजरत अरकम (रजि.) यांच्या घरात, लपून.

ऑगस्ट २०२२ मध्ये मुरादाबाद जिल्ह्यातल्या दुल्हेपूर गावात घरात सामूहिक नमाज पढल्याबद्दल २६ जणांवर गुन्हा दाखल झाला. पुढे पोलिसांनी तो रद्द केला. तेव्हा आपण संविधानातल्या कलम २५ चा दाखला दिला आणि योग्यच केले. पण घरातल्या इबादतीचा हक्क मुरादाबादमध्ये मागायचा आणि रियाधबद्दल गप्प बसायचे, तर त्या मागणीला वजन कसे येणार?

असे बोललो तर विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल, ही भीती मला समजते. ‘आधी सौदीत चर्च बांधून दाखवा’ हा टोमणा आपण सर्वांनीच ऐकला आहे. सौदीच्या राजाच्या कारभाराचा जाब भारतीय मुसलमानाला विचारणे अन्यायाचेच आहे. पण त्या राजाचे वकीलपत्रही आपण घेतलेले नाही. चूक ती चूक, एवढे म्हणायला कोणाची परवानगी लागत नाही.

आखातात नोकरीला निघालेल्या मित्रमैत्रिणींनो, एखाद्या ख्रिस्ती सहकाऱ्याने विश्वासाने बोलावले तर पाहुणे म्हणून जा. तिथे वाद घालू नका, दावतही देऊ नका. फोन खोलीवरच ठेवून जा. फोनमध्ये जागेची आणि वेळेची नोंद राहते आणि एका फॉरवर्डने ती कुठेही पोहोचते. परतल्यावर कुठल्या ग्रुपवर नाव, पत्ता, इमारत लिहू नका. २५ डिसेंबरची त्यांची ड्युटी स्वतःहून मागून घ्या.

त्यांना तिथे मोठ्याने बोलता येत नाही. आपल्याला इथे येते. जमातीच्या बैठकीत, कॉलेजात, घरच्या दस्तरखानावर हा विषय काढा. वडीलधारे चिडले तर त्यांना अदबीने एवढेच विचारा: तुमच्या शेजारच्या खोलीत राहणारा तो वसईवाला शुक्रवारी दुपारी कुठे जात होता?