शेती शिकवायची तर पोरांना प्लॉटवर आणा!



आपल्या पाड्यांवरच्या शाळांत परसबाग आलीय. खिचडीत ताजी भाजी पडावी, अन्न कसं पिकतं ते पोरांना कळावं, असं सरकार म्हणतं. भाजी पडू दे, त्याला आमची ना नाही. पण 'आदिवासी मुलांना शेतीची ओळख' असं ऐकलं की आधी हसू येतं, मग राग येतो.

आपली पाच-सहा वर्षांची पोर आईमागं शेवळं काढायला जाते. शेवळांत काकडं टाकली नाहीत तर घसा खाजतो, हे तिला कोणी फळ्यावर लिहून दिलेलं नाही. राबावर पाला, शेण कसं पसरायचं, वारा बघून आग कुठल्या अंगानं लावायची, उतारावर नागली कुठं अन् वरई कुठं, बी राखेत घोळून का ठेवायचं, हे ती बघत बघत शिकते. आणि हीच पोर आवणीला दोन दिवस प्लॉटवर थांबली की हजेरीत 'गैरहजर'! शनिवारी शाळेच्या वाफ्यात मेथीला पाणी घातलं की तो मात्र 'कार्यानुभव'. मेथी म्हणजे शिक्षण, नागली म्हणजे शाळा बुडवणं. हा कुठला न्याय?

शिवारफेरी काढतात तीही बागायतदाराच्या वाडीत. जिथं आईबाप रोजानं राबतात, तिथं पोरांना रांगेत उभं करून 'बघा, शेती अशी असते' म्हणून सांगायचं. बापाचा प्लॉट वाटेतच लागतो, पण तिथं कोणी थांबत नाही. का थांबतील? वनखात्याच्या कागदावर ती शेतीच नाही, ते 'अतिक्रमण' आहे. पोरगी मग हेच शिकते, की वाडीवाला शेतकरी आणि आपला बाप चोर. आमचं भांडण वाफ्याशी नाही, या शिकवणीशी आहे.

गुरुजी म्हणतील, शाळा सोडून रानात कसं शिकवणार? कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शिकवून दाखवलं. गुरं राखणारी पोरं शाळेत येईनात, तर त्यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा म्हणतात तिला.

आता कायद्याचं ऐका. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून आपण कसतो ती जमीन 2006 च्या वनहक्क कायद्यानं आपली आहे. पुरावा काय, असं साहेब विचारतो. नियम 13 वाचा. दावेदार सोडून दुसऱ्या थोरानं सांगितलेलं आणि लिहून घेतलेलं निवेदनही पुराव्यात धरलं आहे. मग पोरांना वही घेऊन म्हाताऱ्यांकडं बसवा ना! बांध कोणी घातला, पहिली नागली कोणी लावली, कुठलं बी कुठून आणलं, हे पोरांनी लिहावं, ग्रामसभेत वाचून दाखवावं, त्यावर म्हाताऱ्याचा अंगठा घ्यावा. याहून चांगला शेतीचा धडा कुठल्या पुस्तकात आहे?

जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत चारात तीन पालक असतात. म्हणजे आपणच. सही करून घरी यायची जागा नाही ती. पाऊस पडायच्या आत बैठक लावा आणि ठराव लिहून घ्या: आवणीचे दिवस शाळेचेच धरायचे, गुरुजींनी पोरांसोबत प्लॉटवर यायचं, आणि परसबागेत विकतच्या पुडीसोबत गावातलं बी पडायचं. बी राखणारी म्हातारी शिकवायला येईल, तिला खुर्ची द्यायची.

ठरावाची एक नकल संघटनेकडं पाठवा. ज्या पाड्यावर गुरुजी नाही म्हणतील, तिथं आम्ही तुमच्यासोबत बैठकीला येऊ.