अनुभव पुरतो म्हणणाऱ्यांना

मेळाव्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘आपल्या पोरांना वाचायची गरज काय? आपलं जगणं हेच पुस्तक. जे भोगलं ते लिव्हा, झाली कथा.’ टाळ्या पडतात. बोलणाऱ्याच्या घरात मात्र पुस्तकांची दोन कपाटं भरलेली असतात.

हे वाक्य आपल्या मुळावर आलंय. बोलणारा आपला असला तरी बोली सदाशिवपेठी समीक्षकाची आहे. तोही हेच म्हणतो. अनुभव दाहक, भाषा रांगडी, कारागिरी नाही पण सच्चेपणा आहे! म्हणजे रचायची अक्कल त्यांच्याकडं आणि आपल्याकडं नुसती जखम. काल मेलेलं ढोर ओढायचं काम आपलं होतं, आज दुःख ओढून त्यांच्या दारात नेऊन टाकायचं. आणि वर शाबासकी घ्यायची.

पुरावा म्हणून अण्णाभाऊ साठ्यांना पुढं करतात. दीड दिवस शाळा शिकले आणि ‘फकिरा’ लिहिली, बघा! अरे, दीड दिवसानंतर काय झालं ते का सांगत नाही? वाटेगावाहून मुंबईला आलेला हा माणूस दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचत अक्षरं शिकला. गॉर्की वाचला. पोवाडे, लावण्या, लोकनाट्यं लिहून गिरणगावातल्या कामगारांपुढं उभी केली. कामगार पडेल चेहऱ्यानं बसला की ओळ पडली, हे त्याला जागच्या जागी कळत होतं. एवढं सगळं केल्यावर 1959 साली ‘फकिरा’ आली. 1969 साली वारले तेव्हा तीसच्या वर कादंबऱ्या मागं होत्या. याला चमत्कार म्हणणं म्हणजे त्या माणसाची मजुरी बुडवणं आहे.

आणि बाबूराव बागूल? ‘जेव्हा मी जात चोरली होती’ 1963 सालची. तिथं ‘मी’ आहे, कबूल. पण ‘सूड’मध्ये जानकी आहे. बागूल बाई नव्हते. दुसऱ्याच्या कातडीत शिरायला नुसतं भोगणं पुरत नाही. त्याला सराव लागतो.

आता आमच्या मैंदर्गीचं. घरात कानडी, शाळेत मराठी, बाजारात दोन्हीची भेळ. 1967 साली महाजन आयोगानं अक्कलकोट कर्नाटकाला द्यावं म्हटलं होतं, ते झालं नाही. सीमा राहिली कागदावर, जिभेला कुंपण पडलं नाही. इथलं पोरगं कथा लिहायला बसलं की मायच्या तोंडी पुस्तकी मराठी घालतं. माय भांडते कानडीत आणि वहीत बोलते मास्तरासारखी! का? तर आपल्यासारखं बोलणारी माय त्यानं छापलेली बघितलेलीच नाही. बघायची तर वाचावं लागेल.

आणि आपल्याला तर दोन दारं उघडी आहेत. याच तालुक्यातल्या हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे. ‘अक्करमाशी’ 1984 सालची, तेव्हा वय अठ्ठावीस. पुढं ते थांबले नाहीत, कादंबऱ्या लिहीत राहिले, ‘सनातन’ला 2020 चा सरस्वती सन्मान मिळाला. दुसरं दार कानडीचं. देवनूर महादेव वाचा. ‘ओडलाळ’मध्ये म्हातारी साकव्वा हरवलेला कोंबडा हुडकते आहे. रात्री घरात चोरीच्या भुईमुगाच्या शेंगा येतात, सगळं घर चुलीभोवती बसून त्या फोडून खातं, टरफलं जाळून टाकतं. सकाळी पोलीस येतात. बास. ‘आम्ही उपाशी होतो’ असं ओरडून सांगावं लागत नाही. शेंगा फोडल्याचा आवाज ऐकू येतो आणि पोटात कालवतं. ‘कुसुमबाळे’त तर त्यांनी गावाकडची अशी कानडी घातली की शहरी कानडी वाचक अडखळला. तरी 1990 साली साहित्य अकादमीनं तिलाच पुरस्कार दिला. आमच्या पोरांना घरची भाषा फुकट मिळालीय, आणि ती लाजून झाकतात.

वाचलं की भाषा बामणी होते, असं एक भय घालतात. एकच पुस्तक वाचलं तर होत असेल. पन्नास वाचा, मग कुणाची री ओढायची गरज राहत नाही. चेकॉव्ह वाचा, प्रेमचंद वाचा, वैऱ्याचंही वाचा. सावकार आतून कसा विचार करतो हे कळल्याशिवाय कथेतला सावकार पिळदार मिशीचा बुजगावणाच राहणार.

‘बलुतं’ 1978 साली आलं, मग आत्मकथनांची रीघ लागली. ती लागायलाच हवी होती. पण त्यातून एक खोड पडली. पोरगं पंचविसाव्या वर्षी सगळं आयुष्य एका पुस्तकात ओतून मोकळं होतं, सत्कार घेतं, आणि पुढं वीस वर्षं तेच भाषण देत फिरतं. असे किती संपले! त्यांचं दुःख संपलं नव्हतं. हात चालायचा थांबला होता.

म्हणून सांगतो, रोज लिहा. एसटी स्टँडवरचं भांडण तिघांच्या तोंडून तीनदा लिहा. लिहिलेलं वाचता न येणाऱ्या म्हातारीला वाचून दाखवा, ती कुठल्या ओळीला उठून चुलीकडं गेली तिथं खूण करा. ती ओळ खोडा. आवडती असली तर आधी खोडा.

पुढच्या अंकासाठी कथा पाठवताना पहिला खर्डा पाठवू नका, तिसरा पाठवा. माणसं घरात बोलतात तशी बोलू द्या. सगळी कथाच कानडीत झाली तरी पाठवा, दोघं-तिघं बसून मराठी करू.