टर्कीवरचा खोटा आळ

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार. न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी घरात थँक्सगिव्हिंगचं जेवण उरकतं. यजमान पट्टा एक भोक सैल करून सोफ्यावर लवंडतात आणि तेवढ्यात कुणीतरी विद्वत्ता पाजळतंच: टर्कीत ट्रिप्टोफॅन असतं ना, त्यानं सेरोटोनिन वाढतं, म्हणून डोळे मिटतात. अमेरिकेत हे वाक्य टर्कीइतक्याच नेमानं दरवर्षी वाढलं जातं.

वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच ते इतकं टिकलं. मेंदू सेरोटोनिन बनवतो ते ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासूनच, आणि ते अन्नातूनच यावं लागतं. पण टर्कीत ते कोंबडीपेक्षा काही जास्त नसतं. वजनास वजन चेडर चीज टर्कीला मागे टाकतं. त्याहून मोठी अडचण दारात आहे. रक्त आणि मेंदू यांच्या मधल्या पडद्यातून ट्रिप्टोफॅनला आत नेणारे वाहक ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, टायरोसिन, फेनिलॲलनिन यांनाही नेतात. प्रथिनांत ट्रिप्टोफॅन जेमतेम एक टक्का, बाकीची मंडळी कितीतरी पट. दादरला संध्याकाळी विरार लोकल पकडणाऱ्याला यापुढचं सांगायला नको. मांस भरपूर खाल्लं की ट्रिप्टोफॅन फलाटावरच राहतं.

एमआयटीत जॉन फर्नस्ट्रॉम आणि रिचर्ड वर्टमन यांनी १९७१-७२ मध्ये उंदरांवर हेच दाखवलं. निव्वळ पिष्टमय खाणं दिलं तेव्हा मेंदूतलं सेरोटोनिन वाढलं. प्रथिनं मिसळली तेव्हा रक्तात ट्रिप्टोफॅन वाढूनही मेंदूत फरक पडेना. त्याच आहारातून स्पर्धक अमिनो आम्लं वगळली, की पुन्हा वाढ! पिष्टानं सुटलेलं इन्शुलिन स्पर्धकांना स्नायूंत ओढून नेतं. अल्ब्युमिनला चिकटलेलं ट्रिप्टोफॅन रक्तात मागे उरतं.

मग दोष बटाट्याला द्यावा का? तोही जपून. ताटात थोडी प्रथिनं आली तरी हा परिणाम बोथट होतो, आणि पुरणपोळीतही हरभऱ्याची डाळ असतेच. त्यामुळे वामकुक्षीचं श्रेय टर्कीपेक्षा तुडुंब पोटाला, वाइनला आणि सुट्टीला द्यावं. केळ्यातल्या सेरोटोनिनचे गोडवे गाणाऱ्यांनी तर गप्पच बसावं. ते सेरोटोनिन हा पडदा ओलांडतच नाही.

इथे दुसरा पक्ष लगेच टाळी वाजवतो: म्हणजे मेंदू हा अभेद्य किल्ला, काय खाल्लं याची त्याला पर्वाच नाही. हे तर पहिल्याहून चूक.

पार्किन्सनच्या रुग्णांना दिलं जाणारं लेव्होडोपा मेंदूत जाऊन डोपामिन बनतं, आणि आत जातं ते त्याच वाहकांवरून. १९८४ मध्ये ऑरेगनमधल्या पोर्टलँड इथे जॉन नट आणि सहकाऱ्यांनी रुग्णांना ते थेट शिरेतून दिलं, म्हणजे पचनाचा प्रश्नच मिटला. मग प्रथिनयुक्त जेवण वाढलं. रक्तातलं औषध कमी झालं नाही, तरी हालचाली पुन्हा जखडल्या. फेनिलॲलनिन, ल्युसिन, आयसोल्युसिन नुसती दिली तरी तेच झालं; वेगळ्या दारानं आत जाणाऱ्या ग्लायसिन आणि लायसिननं काहीच बिघडलं नाही. घासाचा मेंदूवर होणारा परिणाम याहून स्वच्छ कुठे दिसणार?

मात्र कच्चा माल पोचला म्हणजे माल सुटला असंही नाही. टायरोसिन वाढवून डोपामिनचा स्राव वाढतो तो मुख्यतः त्या चेतापेशी वेगानं काम करत असतील तेव्हा. गोळ्यांच्या जाहिराती हे सांगत नाहीत. १९८९ मध्ये ट्रिप्टोफॅनच्या गोळ्या, विशेषतः एका जपानी कंपनीचा माल, घेणाऱ्या दीड हजारांवर अमेरिकनांना स्नायूंच्या भयंकर वेदनांचा आजार जडला आणि किमान ३७ जण दगावले. दुकानात बाटली सहज मिळते, यावरून ती निर्धोक ठरत नाही.

लेव्होडोपा आज सहसा जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगतात. दुपारी गोळी लागू पडेनाशी होते अशा काहींच्या ताटातलं वरण, पनीर, अंडं डॉक्टर रात्रीकडे सरकवतात. ज्यांना हे लागू पडतं, त्यांना दुपारी बाहेर पडताना शर्टाची बटणं आपली आपण लावता येतात.