पाइपाची दोन टोकं

तानसाच्या धरणातून निघालेले मोठाले पाइप आपण जन्मापासून पाहतो आहोत. आपल्या पाड्यांतली किती पोरं त्या पाइपावर चढून खेळली असतील. पाइप मात्र आपल्यासाठी कुठं थांबत नाही, तो थेट मुंबईला जातो. तानसा धरण १८९२ साली झालं. त्यानंतर मोडकसागर झालं, अप्पर वैतरणा झालं, भातसा झालं, मध्य वैतरणा झालं. जमिनी आपल्या गेल्या, जंगल आपलं बुडालं. आणि मे महिना आला की धरणाच्या शेजारच्या पाड्यावरची बाई हंडा घेऊन टँकरची वाट बघते.

हे दुखणं आपण या पत्रिकेत पुष्कळदा लिहिलं आहे. या वेळी आम्ही पाइपाच्या दुसऱ्या टोकाला काय झालं ते लिहितो आहोत. त्यातून आपल्याला एक गोष्ट शिकायची आहे. घर दिलं म्हणजे पुनर्वसन झालं असं कुणी सांगितलं, तर लगेच मान डोलवायची नाही. आधी विचारायचं, तिथली हवा कशी आहे?

मुंबईत घाटकोपर, विद्याविहारकडून हा तानसाचा पाइप जातो. त्याच्या कडेला गरीब लोकांनी वर्षानुवर्षं झोपड्या बांधल्या होत्या. घरकाम करणाऱ्या बाया, रिक्षावाले, बिगारी, भाजी विकणारे असे हे लोक. त्यातले कितीतरी दुष्काळामुळं गाव सोडून आलेले. हायकोर्टानं सांगितलं, पाइपाच्या सुरक्षेसाठी दोन्ही बाजूंची १० मीटर जागा मोकळी करा. २०१७ पासून महापालिकेनं झोपड्या पाडायला जोरात सुरुवात केली. मोकळ्या झालेल्या जागेवर सायकल चालवायला आणि पळायला ३९ किलोमीटरचा ट्रॅक करायची योजनाही महापालिकेनं काढली.

ज्यांच्याकडं १ जानेवारी २००० च्या आधीचा पुरावा होता, ते 'पात्र' ठरले. ज्यांच्याकडं नव्हता, ते रस्त्यावर. साथींनो, हे ऐकल्यासारखं वाटतं ना? त्यांची तारीख १ जानेवारी २०००, आपली १३ डिसेंबर २००५. त्यांना रेशनकार्ड आणि मतदारयादी मागतात, आपल्याला दंडाच्या पावत्या आणि पंचनामे मागतात. त्यांनाही सरकारी कागदावर 'अतिक्रमणदार' म्हणतात, आपल्यालाही म्हणतात. शब्द एकच, फक्त ऑफिस वेगळं.

पात्र ठरलेल्यांना घरं मिळाली ती माहुलला. चेंबूरच्या पलीकडं, खाडीच्या बाजूला माहुल आहे. तिथं सात-सात मजल्यांच्या ७२ इमारती उभ्या आहेत, त्यांत १७ हजारांवर खोल्या. एकेक खोली २२५ चौरस फुटांची. पक्की भिंत, वर स्लॅब, नळ, संडास. कागदावर बघितलं तर झोपडीपेक्षा चांगलंच म्हणावं लागेल. पण इमारतींच्या शेजारीच तेलशुद्धीकरणाचे कारखाने, रसायनांच्या आणि तेलाच्या मोठमोठ्या टाक्या, खताचा कारखाना, वीजनिर्मितीचं केंद्र. टाक्या भरताना, उपसताना वाफ हवेत सुटते. डोळ्याला दिसत नाही, पण नाकाला कळते. पेट्रोलच्या वाफेत बेंझीन असतं आणि त्यानं रक्ताचा कॅन्सर होऊ शकतो, हे डॉक्टरी विद्येत पक्कं ठरलेलं आहे.

आता कुणी म्हणेल, सरकारला बिचाऱ्याला माहीत नसेल. तर तसं नाही. माहुलचा जुना कोळीवाडा कारखान्यांच्या आधीपासूनचा. खाडीत मासेमारी करणारी ही माणसं. आपण जसे वनखात्याच्या आधीपासून जंगलात, तसे ते कारखान्यांच्या आधीपासून खाडीवर. धुरानं आणि वासानं हैराण होऊन तिथल्या लोकांनी हरित लवादाकडं दाद मागितली. केईएम हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी २०१३ साली तिथं पाहणी केली, तेव्हा दर शंभरातल्या ६७ जणांनी महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागते असं सांगितलं. डिसेंबर २०१५ मध्ये लवादाच्या पुण्याच्या पीठानं निकाल दिला की माहुल आणि आंबापाडा इथल्या लोकांच्या आरोग्याला हवेमुळं धोका आहे.

म्हणजे २०१५ साली कोर्टाच्या कागदावर लिहिलं गेलं की इथली हवा माणसाला घातक आहे. आणि २०१७ साली त्याच हवेत हजारो माणसं नेऊन ठेवली. ही चूक नव्हे. चूक झाली की माणूस दुरुस्त करतो. इथं कुणीतरी टेबलावर बसून ठरवलं की ही जागा रिकामी आहे, भाव नाही, कुणी विकत घेणार नाही, तेव्हा तिथं गरिबाला पाठवा. साहेबलोकांची सोसायटी त्या टाक्यांच्या सावलीत कुणी बांधली असती का?

पुढं काय झालं ते सगळ्या मुंबईनं पाहिलं. कुणाला खोकला सुटेना, कुणाच्या अंगावर खाज आणि चट्टे, कुणाला दमा. क्षयरोगाचे पेशंट वाढल्याचं लोक सांगू लागले. जवळ धड सरकारी दवाखाना नाही, पोरांची शाळा लांब, बायांची घरकामं सुटली, कारण कामावर जायला-यायलाच मजुरीचा मोठा वाटा जाऊ लागला. ८ ऑगस्ट २०१८ ला शेजारच्या एका तेल कारखान्यात स्फोट झाला, चाळीसहून जास्त माणसं जखमी झाली. घरांच्या खिडक्या हादरल्या.

मग लोक उठले. ऑक्टोबर २०१८ च्या शेवटी माहुलची माणसं विद्याविहारला परत आली आणि जिथून त्यांना उठवलं होतं, त्याच तानसा पाइपाजवळ फुटपाथवर बसली. त्यांचं म्हणणं सरळ होतं, की फुटपाथवर राहू, पण त्या हवेत राहणार नाही. जरा विचार करा. पक्कं घर सोडून माणूस फुटपाथवर कधी बसतो? घरात जीव जातोय हे कळल्यावरच. आजारी कोण, मेलं कोण, याची यादी लोकांनी स्वतः केली. आयआयटीच्या जाणकारांनीही त्या लोकांना तिथून हलवावं असं सांगितलं. एप्रिल २०१९ मध्ये हायकोर्टानं आदेश दिला की दुसरीकडं राहायला दर कुटुंबाला महिना १५,००० रुपये भाडं आणि ४५,००० रुपये डिपॉझिट द्या. सप्टेंबरमध्ये आणखी सांगितलं की यापुढं कुणालाही माहुलला जबरदस्तीनं पाठवू नका.

आदेश झाला म्हणजे सगळं झालं असं नाही. आदेश आणि हातात पडलेला पैसा यांच्यात किती अंतर असतं, ते आपल्यापेक्षा जास्त कोण जाणतं? वनहक्काचा कायदा २००६ चा, आणि आपले दावे अजून फायलीत आहेत. पण माहुलच्या लोकांनी एक गोष्ट मान्य करून घेतली. श्वास घेता येत नसेल तर त्या जागेला घर म्हणत नाहीत.

आपल्यातले काही जण म्हणतात, शहरातल्या लोकांचं आपल्याला काय? आपलं पाणी तेच तर पितात. या बोलण्यात राग खरा आहे, पण तो चुकीच्या दारात ठेवला आहे. पाणी कुणाच्या टाकीत किती जातं, हे झोपडीतली बाई ठरवत नाही. पाइपाच्या या टोकाला आपलं रान गेलं, त्या टोकाला तिची झोपडी गेली. आणि आपलीच पोरं आज भिवंडी, कल्याण, मुंबईला बिगारीला जातात. उद्या ती कुठल्या नाल्याच्या, कुठल्या डंपिंगच्या कडेला राहतील? आपलं जंगल राहिलं नाही तर माहुलच्या पुढच्या खोल्या आपल्याच नावानं निघतील.

आज आपल्या दारातही माणसं येतात. कुणी धरणाची गोष्ट काढतं. गारगाईवर, पिंजाळवर धरणं बांधून ते पाणीही मुंबईला न्यायच्या योजना आहेतच. कुणी महामार्गाची, कुणी बुलेट ट्रेनची, कुणी अभयारण्याची. सगळ्यांच्या हातात घराचं रंगीत चित्र असतं. पक्कं घर, लाइट, रस्ता. चित्रात हवा दिसत नाही, विहिरीच्या पाण्याची चव दिसत नाही, शेजारी काय जळतं ते दिसत नाही.

२०१९ साली १३ फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टानं ज्यांचे वनहक्काचे दावे नाकारले त्यांना जंगलातून काढायचा आदेश दिला होता. देशभरातून आवाज उठला आणि २८ फेब्रुवारीला तो थांबवला गेला. थांबवला आहे, मिटलेला नाही. म्हणून हे आत्ताच समजून घ्यायला हवं.

माहुलच्या लोकांकडं ग्रामसभा नव्हती. आपल्याकडं आहे. वनहक्क कायद्याच्या कलम ४(५) प्रमाणं दाव्याची तपासणी आणि मान्यता पूर्ण होईपर्यंत कुणाला उठवता येत नाही. अभयारण्यातून पुनर्वसन करायचं असेल तर कलम ४(२) प्रमाणं ग्रामसभेची लेखी संमती लागते, तीही सगळी माहिती देऊन घेतलेली, आणि नव्या जागी जमीन व सोयी पूर्ण झाल्याशिवाय माणूस हलवता येत नाही. हा कायदा आपण लढून मिळवला आहे. तो पेटीत ठेवून उपयोग नाही.

म्हणून आमचं गावागावाला सांगणं आहे:

पुनर्वसनाची जागा आधी आपण बघायची. साहेबाबरोबर गाडीतून नाही, आपली माणसं आपण जाऊन. बाया पाहिजेतच, कारण पाणी आणि आजारी पोर त्याच बघतात. एकदा दिवसा, एकदा रात्री, एकदा पावसाळ्यात.

तिथं आधीपासून राहणाऱ्यांना विचारायचं. पोरांना खोकला येतो का, विहीर कधी आटते, पाण्याला वास येतो का, दवाखाना किती लांब. माहुलच्या कोळ्यांना कुणी विचारलं असतं तर उत्तर लगेच मिळालं असतं.

गावात आजाराची वही ठेवायची. कोण आजारी, कधीपासून, डॉक्टर काय म्हणाला. आशाताईची मदत घ्या. आज ही वही साधी वाटते, उद्या कोर्टात तीच उभी राहते.

आणि हे सगळं झाल्याशिवाय कुठल्याही कागदावर अंगठा नाही, सही नाही. ठराव करायचा तो पूर्ण ग्रामसभेत, सरपंचाच्या ओटीवर नाही.

विद्याविहारच्या फुटपाथवर बसलेल्या माणसांना आपण ओळखत नाही. पण ती ज्या पाइपाजवळ बसली, तो आपल्या डोंगरातून निघतो. त्यांनी आपला श्वास गमावून आपल्याला सावध केलं आहे. पुढच्या वेळी कुणी घराचं चित्र दाखवलं, तर आपण एवढंच म्हणायचं, चला साहेब, आधी त्या जागेवर एक रात्र तुम्ही आमच्याबरोबर झोपा.

जिंदाबाद!