बाग हवी, पण पाण्याच्या हिशेबात



यंदाच्या उन्हाळ्यात आमचं घर अगदी भरलेलं होतं. पुण्याहून लेक आली, दोन्ही नातवंडं आली आणि अक्षय तृतीयेनंतर आमच्या मोठ्या वन्सं, म्हणजे आक्का, महिनाभर राहायला आल्या. सकाळी गच्चीवर पापड, दुपारी कैरीचं पन्हं, संध्याकाळी दर्शन, आणि या सगळ्यात माझी बाग. मोजून ४६ कुंड्या! कढीपत्ता, लिंबू, दोडका, कारलं, भेंडी, मिरची, पुदिना, मोगरा, आणि काही नुसतीच शोभेची.

नातवंडांनी आल्या आल्या वाटण्या करून घेतल्या. धाकट्याने मिरच्या घेतल्या, मोठीने दोडक्याचा वेल. मी अगदी खुशीत होते. एके दिवशी सकाळी मी पाइप धरून उभी असताना आक्का जिना चढून वर आल्या. थोडा वेळ बघत राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "अगं, हा अनर्थदंड नव्हे का?"

पाइप माझ्या हातातच राहिला. आक्का व्रती आहेत, उगाच बोलणाऱ्यांतल्या नाहीत. आपल्या शास्त्रात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यातला एक प्रमादचर्या. कारण नसताना जमीन उकरणं, पाणी सांडणं, झाडंझुडपं तोडणं हे सगळं त्यात येतं. माती पृथ्वीकायिक, पाणी जलकायिक, झाड वनस्पतिकायिक, सगळे एकेंद्रिय जीवच. "कांदा-बटाटा वर्ज्य करतेस," आक्का म्हणाल्या, "आणि हौसेसाठी रोज एवढं पाणी ओततेस."

खरं सांगते, मला राग आला. दुपारी भांडी आवरताना मी मनातल्या मनात उत्तरं जुळवत होते. आदिनाथ भगवंतांनीच लोकांना असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य, शिल्प ही सहा कर्मं शिकवली. त्यात कृषी आहेच की! पण मग माझं मलाच वाटलं, की ती शिकवण पोट भरण्यासाठी होती. माझ्या शोभेच्या कुंड्यांनी कुणाचं पोट भरतं?

मी कॉमर्सची पदवीधर. नोकरी केली नाही, पण हिशेबाची वही कधी सोडली नाही. त्याच रात्री नातीच्या जुन्या वहीत दोन रकाने आखले. एकात कुंड्यांना लागणारं पाणी, दुसऱ्यात स्वयंपाकघरातलं वापरलेलं पाणी, म्हणजे तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं आणि साबण न लागलेलं. हे आठ दिवस लिहिलं. नातवाला मापाचं काम दिलं, तो तांब्या-तांब्याने मोजायचा.

निष्कर्ष असा निघाला: कुंडीला सरासरी एक लिटर धरून रोज ४६ लिटर लागत होतं. वापरलेलं पाणी निघत होतं २० लिटर, तेही घर भरलेलं म्हणून. म्हणजे रोज २६ लिटर चांगलं पाणी टाकीतून जात होतं. हाच हिशेब एप्रिल आणि मे या दोन महिन्यांच्या ६१ दिवसांना लावला, तर १५८६ लिटर! एका माणसाला पिण्याला आणि स्वयंपाकाला दिवसाला आठ लिटर धरलं, तर हे जवळजवळ दोनशे दिवसांचं पाणी झालं. आकडा बघून मी वही मिटली.

आपण कुठे राहतो हे विसरून चालत नाही. आपल्या धाराशिव जिल्ह्यात उन्हाळा म्हणजे नळाची वाट बघणं आणि टँकरमागे पळणं. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, ते आपण विसरलो का? माझ्या सासूबाई दुपदरी कापडातून पाणी गाळायच्या आणि गाळण्यातले जीव परत विहिरीत सोडायच्या. म्हणायच्या, "पाणी तुपासारखं वाढावं." मी आजही पाणी गाळून पिते. पण गाळून प्यायचं आणि पाइपने ओतायचं, यात कुठेतरी चुकतंय.

मग बाग मोडायची का? माझं मत आहे, नाही. आणि इथे मी आक्कांशी अदबीने वाद घालते.

बाजारातली भेंडी अगदी निर्मळ दिसते, एक कीड नसते. का नसते? फवारणीत मेलेली असते. ती आपण मारली नाही, पण आपल्यासाठी मारली गेली. कृत, कारित, अनुमोदना हे तिन्ही आपल्याकडे मोजले जातात ना? घरच्या भेंडीत अळी निघाली तर ती मला दिसते, मी तिला पानासकट अलगद उचलून बाहेरच्या झुडपात ठेवते. जास्वंदीला पिठ्या ढेकूण लागला तेव्हा फवारा आणला नाही, ती फांदीच काढून दूर मोकळ्या जागेत ठेवली. यातही हिंसा अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. पण डोळ्यांसमोर असली की ती कमी करता येते. नात आता विचारते, "आजी, आज किती दोडके लागतील? तेवढेच काढते." हे तिला कुठल्या पाठशाळेत एवढ्या लवकर समजलं असतं?

अनर्थ म्हणजे प्रयोजन नसलेलं. मग प्रयोजन दाखवायची जबाबदारी माझी. जे झाड स्वयंपाकघराला काही देतं आणि स्वयंपाकघरातलंच उरलेलं पाणी पितं, त्याला मी अनर्थ म्हणणार नाही. बाकीच्या कुंड्या मी कशासाठी ठेवल्या होत्या? मैत्रिणींना फोटो पाठवण्यासाठी. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

शेवटी पाहुणे गेल्यावर जेवढं वापरलेलं पाणी निघेल, तेवढ्यात जगतील अशा १२ कुंड्या ठेवल्या. उरलेल्या ३४ भाच्याच्या शेतावर दिल्या, तिथे विहिरीला पाणी आहे. परिग्रहाचं परिमाण आपण दागिन्यांना आणि साड्यांना लावतो, ते कुंड्यांनाही लागतं हे मला साठी उलटल्यावर समजलं. मोगरा ठेवला. त्याचं प्रयोजन विचारलंत तर माझ्याकडे उत्तर नाही, ती माझी हौस आहे आणि वहीत तशीच लिहिली आहे.

एक व्यवहाराची गोष्ट सांगते. आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना घालू नका, त्यात क्षार जास्त असतात. त्याने फरशी पुसा. आणि कुंडीत वर वाळक्या पानांचा थर द्या, ओल दिवसभर टिकते.

जाण्याआधी आक्कांना कुंथलगिरीला घेऊन गेलो. कुलभूषण-देशभूषण मुनींची ती सिद्धभूमी, आणि आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये सल्लेखना घेतली तेही तिथेच. डोंगर उतरताना आक्का म्हणाल्या, "बाराही जास्तच आहेत गं." मी हसले. त्यांचं मत बदललेलं नाही, माझंही पुरतं बदललेलं नाही. पण त्या दिवशी त्या बोलल्या नसत्या, तर मी अजून पाइप धरूनच उभी असते.

तुम्हीही आठ दिवस अशी वही लिहून बघा. बाग ठेवायची की नाही, किती ठेवायची, ते वहीच सांगेल.

जय जिनेंद्र.