एका सीसीचा फरक

दोन लाख रुपयांच्या आसपास मोटारसायकल घ्यायची आणि ती रोज चालवायची, असे ठरवून बाहेर पडणाऱ्या गिऱ्हाइकाची अडचण सध्या मजेशीर आहे. रॉयल एन्फिल्डची क्लासिक ३५० आणि होंडाची हायनेस सीबी ३५० यांची माहितीपत्रके शेजारी ठेवून नावे झाकली, तर कोणती कुणाची हे पटकन सांगता येऊ नये. एक ३४९ सीसीची, दुसरी ३४८ची. दोन्हींना एकच सिलिंडर, पाच गिअर, पुढे १९ इंची चाक आणि मागे १८ इंची. एकीची ताकद २०.२ अश्वशक्ती, दुसरीची २०.८. सीटची उंची ८०५ आणि ८०० मिलिमीटर. दोघी जन्मल्याही थोड्याशाच अंतराने: हायनेस सप्टेंबर २०२० मध्ये आली, क्लासिक नव्या इंजिनासह सप्टेंबर २०२१ मध्ये. मग नगर जिल्ह्यात टपरीवर चर्चा रंगते ती आवाजावर आणि रुबाबावर. गाडी हौसेची असेल तर तेवढे पुरे. रोजच्या वापराची असेल तर फरक शोधायला हवा, आणि तो आहे. मात्र माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर नाही.

आधी या साम्याचे कारण. साडेतीनशेचा आकार जुना आहे, बुलेटने तो आपल्याकडे रुळवला. पण आज दोन्ही कंपन्या त्या रेषेला खालून चिकटून आहेत, त्याला करांचीही साथ आहे. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा ३५० सीसीच्या वरच्या दुचाकीवर २८ टक्क्यांखेरीज ३ टक्के उपकर होता; फरक फार नव्हता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० पर्यंतच्या गाड्यांवर १८ टक्के आणि त्यापुढच्यांवर थेट ४० टक्के कर लागतो. कराआधी १ लाख ६० हजारांना पडणारी गाडी रेषेच्या आत असेल तर कर २८,८०० रुपये, बाहेर असेल तर ६४,०००. विम्याचीही तीच गत. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे थर्ड पार्टीचा वर्षाचा हप्ता ३५० पर्यंत १,३६६ रुपये आहे आणि त्यापुढे २,८०४. नव्या दुचाकीला तो पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो. नगरपासून काही तासांवरच्या चाकणला बनणारी ट्रायम्फ स्पीड ४०० ही ३९८ सीसीची गाडी गुणांनी कितीही सरस असली, तरी ती या रेषेपलीकडे आहे. रोज कामावर जाणाऱ्याने साडेतीनशेच्या आतच थांबावे, असे सरकारी दरपत्रक सांगते. पन्नास सीसीने चैनीची वस्तू कशी होते हा प्रश्न रास्त आहे, पण तो अर्थ मंत्रालयाला विचारायचा; गिऱ्हाइकाने रेषेच्या आत राहून निवड करावी.

दुचाकी हा विषय नगरला परका नाही. लुना याच शहरात बनली. १९७२ पासून कायनेटिकच्या त्या पन्नास सीसीच्या मोपेडने शिक्षक, दूधवाले, पोस्टमन यांना सायकलवरून उचलले. दुसरीकडे लष्करी छावणीमुळे बुलेटची फटफटही इथल्या कानांना जुनी. १९५५ पासून मद्रासला बनू लागलेली ही गाडी लष्कराच्या मागणीमुळेच देशात रुजली. आजही जिल्ह्यात एन्फिल्डची कोणतीही गाडी असो, लोक तिला बुलेटच म्हणतात, आणि सरपंचापासून नवरदेवापर्यंत तिचा मान ठरलेला आहे. (सायलेन्सर बदलून फटाके फोडणाऱ्यांनी तो मान बराच खाली आणला. पोलिसांनी त्या सायलेन्सरवर रोलर फिरवले, त्याबद्दल कुणी हळहळल्याचे ऐकिवात नाही.)

या पार्श्वभूमीवर इंजिनाची एक गंमत सांगण्याजोगी आहे. जुन्या बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनचा फेरा ९० मिलिमीटर. एन्फिल्डने नव्या इंजिनात हे माप सोडले. क्लासिकचे माप ७२ बाय ८५.८ आहे. होंडाने मात्र ७० बाय ९०.५ घेतले. म्हणजे मापांपुरते बोलायचे तर जुन्या बुलेटच्या जवळ होंडा आहे. फेरा लांब असला की इंजिन कमी फिरून जास्त जोर देते, आणि कागदावर ते दिसतेही: होंडा ३,००० फेऱ्यांना ३० न्यूटन-मीटर, क्लासिक ४,००० फेऱ्यांना २७. यावरून कुणीही म्हणेल की गर्दीत, चढावर, हळू चालवायला होंडाच बरी.

प्रत्यक्षात अनुभव उलटा येतो, आणि गिऱ्हाइकाने समजून घ्यायची गोष्ट हीच. माहितीपत्रकातला आकडा इंजिनाच्या जोराचा असतो; चाकापर्यंत किती पोचतो हे गिअर ठरवतात. होंडाचे गिअर लांब आहेत. एकेका गिअरमध्ये गाडी पुष्कळ धावते, पण वेग पडला की तो गिअर सोडून खाली यावे लागते. पुढे उसाची ट्रॉली, मागे एसटी आणि मध्ये गतिरोधक अशा रस्त्यावर हायनेसला चौथ्यात ठेवून रेटू पाहिले की इंजिन कण्हते. पाय सतत गिअरवर राहतो. क्लासिकचे गिअर आखूड आहेत. ती तिसऱ्या-चौथ्यात ढकलत ढकलत, फारशी कुरकुर न करता निघते. उलट रस्ता मोकळा मिळाला की होंडाच्या लांब गिअरचा फायदा दिसतो: इंजिन निवांत असते, हँडलला थरथर कमी, आणि क्लच दोन बोटांनी दाबला जातो. असिस्ट-स्लिपर क्लच तिला पहिल्यापासून आहे.

मोकळा रस्ता म्हणजे किती वेग, हेही पाहू. २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने दुचाकीला चौपदरी महामार्गावर ताशी ८० आणि इतर रस्त्यांवर ६० किलोमीटर ही कमाल मर्यादा ठरवली. कोपरगाव तालुक्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर दुचाकीला प्रवेशच नाही. तेव्हा शंभरच्या पुढे कोणती जास्त पळते हा वाद, मर्यादा पाळणाऱ्याच्या दृष्टीने, अभ्यासक्रमाबाहेरचा आहे. शून्य ते ऐंशी यांच्यामध्ये काय घडते तेवढेच पाहायचे.

आणि या मर्यादेत जिल्हा फार वेगवेगळे रस्ते दाखवतो. क्षेत्रफळाने राज्यातला हा सर्वांत मोठा जिल्हा, चौदा तालुक्यांचा. नगरहून सुप्याच्या एमआयडीसीत रोज जाऊन येणाऱ्याला चौपदरी पुणे रस्ता मिळतो. राहुरी-कोल्हारकडे जाणाऱ्याच्या वाट्याला नगर-मनमाड रस्ता येतो. त्याच्या खड्ड्यांवर इतकी आंदोलने झाली आहेत की इथे वेगळे काही लिहायला नको. पाथर्डीकराला करंजीचा घाट आहे. अकोल्यात राजूरच्या पुढे भंडारदरा, रतनवाडीकडे पावसाळ्यात रस्ता कुठे संपतो आणि ओढा कुठे सुरू होतो ते कळत नाही. खुद्द नगरमध्ये कापड बाजार आणि चितळे रोडच्या गर्दीत गाडी चालवण्यापेक्षा ढकलण्याचे काम जास्त.

ढकलायला लागलो की वजन कळते. क्लासिक १९५ किलोची, हायनेस १८१ किलोची. चौदा किलोंचा फरक धावत्या गाडीत जाणवत नाही. उलट जड गाडी फुटक्या डांबरावर जरा स्थिर वाटते, हे क्लासिकच्या पक्षकारांचे म्हणणे खोटे नाही. पण उतारावर नाक खाली करून लावलेली गाडी मागे घेताना, ओल्या मुरुमात पाय टेकताना, मधल्या स्टँडवर चढवताना हे चौदा किलो रोज मोजले जातात. अंगाने बारीक असलेल्याने किंवा पन्नाशी ओलांडलेल्याने ते मनावर घ्यावे. एन्फिल्डच हवी असेल तर त्याच इंजिनाची हंटर ३५० आहे, तीही १८१ किलोची, १७ इंची चाकांची. शहरात ती चपळ आहे, खड्ड्यात मात्र लहान चाक जास्त आपटते.

टायरचा मुद्दा शोरूममध्ये कुणी काढत नाही. बाभळीच्या जिल्ह्यात तो पहिला यायला हवा. हायनेसला अलॉयची चाके आणि ट्यूबलेस टायर आहेत. क्लासिकच्या बहुतेक रंगांना तारांची चाके आणि आत ट्यूब. तारांचे चाक दिसते छान, खड्ड्याचा मारही बरा सोसते. पण बांधाकडेच्या वाटेवर काटा घुसला तर ट्यूबलेसमध्ये तो तसाच ठेवून गावापर्यंत येता येते, पंक्चरवाला पट्टी खोचून पाच मिनिटांत मोकळा करतो. ट्यूबच्या गाडीचे मागचे चाक खोलावे लागते, आणि १९५ किलोची गाडी रात्री शेवगाव रस्त्यावर तशी उभी राहिली तर कापड बाजारात मिळालेले कौतुक तिथे कामाला येत नाही. अलॉय-ट्यूबलेसची क्लासिक मिळते, ठराविक रंगांत. रोजच्या वापरासाठी रंगाचा हट्ट सोडून तीच घ्यावी, असे आमचे मत.

ॲव्हरेजवर लोक उगाच भांडतात. नगरच्या वाहननगरात संरक्षण खात्याची व्हीआरडीई ही संस्था आहे. रस्त्यावर येण्याआधी वाहनांची कायदेशीर चाचणी करणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी ती एक. अशा संस्थांमध्ये ॲव्हरेजचा अधिकृत आकडा रोलरवर, ठरलेल्या वेगक्रमाने काढतात. तो दोन गाड्यांची तुलना करायला उपयोगी. आपल्या खिशाचा हिशेब त्यावर करू नये. दोन्ही गाड्या साधारणपणे तीस ते पस्तीसच्या मध्ये राहतात. महिन्याला १,५०० किलोमीटर धरले, तर ३३ आणि ३५ यांतला फरक अडीच लिटरांचा. पेट्रोल १०५ रुपये धरून पावणेतीनशे रुपये. एवढ्यासाठी गाडी ठरवू नये. मात्र ५५ देणारी १२५ सीसीची गाडी त्याच अंतरात १८ लिटर कमी पिते, म्हणजे महिन्याला सुमारे १,९०० रुपये वाचवते. रोज एकट्याने पंधरा-वीस किलोमीटर जाणाऱ्याला या दोन्ही गाड्यांची गरज नाही, हे कुणीतरी सांगायला हवे. शोरूमवाला सांगणार नाही.

पेट्रोलचा विषय निघालाच आहे तर ई-२० चेही बोलू. इथेनॉल आपल्याच उसातून निघते, त्यामुळे साखरेच्या या जिल्ह्यात त्याच्याविरुद्ध बोलणे अवघड. लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते, म्हणून ॲव्हरेज थोडे उतरते. दोन्ही गाड्यांचे सारखेच. नवी गाडी घेणाऱ्याने काळजी करू नये. पण जुन्या बाजारातून २०२१-२२ ची गाडी उचलणार असाल तर ई-२० ला अनुकूल भाग एप्रिल २०२३ पासून आले, हे ध्यानात ठेवून रबरी नळ्या आणि सील तपासून घ्यावेत.

राहिला सर्व्हिसचा प्रश्न, आणि निवडीचे खरे पारडे इथेच हलते. रॉयल एन्फिल्डने २०२४-२५ या आर्थिक वर्षात दहा लाखांवर गाड्या विकल्या. एवढ्या गाड्या रस्त्यावर असल्या की क्लच प्लेट, ब्रेक पॅड, केबल, चेनसेट तालुक्याच्या दुकानात मिळतात. हायनेस ही होंडाच्या बिगविंग या वेगळ्या शोरूममधून विकली जाते. ॲक्टिव्हा ज्या शोरूममधून घेतली तिथेच हिची सर्व्हिस होईल असे धरून चालू नये. बुकिंगच्या आधी विचारावे आणि ते ठिकाण घरापासून किती लांब ते पाहावे. अर्थात 'बुलेट कुणीही मिस्त्री खोलतो' हा विश्वासही आता अर्धाच खरा आहे. तो कार्ब्युरेटरच्या काळातला. क्लासिकचे आजचे इंजिन फ्युएल इंजेक्शनचे आहे. सेन्सर रुसला तर अनुभवी कानाला कळेल, पण दुरुस्तीला स्कॅनरच लागेल. झीज होणाऱ्या भागांपुरता एन्फिल्डचा फायदा पक्का आहे, त्यापुढे दोघी सारख्याच शोरूमवर अवलंबून.

तेव्हा आमचा कौल असा. नगर, सुपे किंवा संगमनेरच्या बाजूला, बऱ्या रस्त्यावर रोज तास-दीड तास गाडी चालवणार असाल आणि बिगविंगचे सर्व्हिस सेंटर आवाक्यात असेल, तर हायनेस घ्यावी. ती हलकी आहे, शांत आहे, काट्याला कमी घाबरते. जामखेड, पाथर्डी, अकोले अशा भागात, खराब रस्त्यावर, डबलसीट आणि ओझ्यासह गाडी फिरणार असेल तर ट्यूबलेसची क्लासिक. तिचे गिअर तिथल्या वेगाला साजेसे आहेत आणि सुटा भाग तालुक्यात मिळेल. दोन्हींत न बसणारे अनेक असतील. त्यांनी चाचणीसाठी गाडी मागताना शोरूमसमोरची गुळगुळीत फेरी नाकारावी. आपल्या रोजच्या रस्त्याचा सर्वांत वाईट तुकडा निवडावा, चौथ्या गिअरमध्ये गाडी तीसवर आणून पुन्हा उचलून पाहावी, आणि घरातले जे माणूस मागे बसणार त्याला सोबत न्यावे. पायटेकू, धरायचा दांडा, साडीगार्ड आणि मागच्या सीटचा उतार यांबद्दल त्याचे मत चालवणाऱ्याच्या मताइतकेच धरावे. पुढची आठ-दहा वर्षे त्यालाही त्याच सीटवर बसायचे आहे.